वर्गात व्हिएन्ना परिषद कशी भरवावी

नेपोलियनच्या पाडावानंतर युरोपची नवी वाटणी ठरवायला १८१४-१५ मध्ये रशिया, प्रशिया, ऑस्ट्रिया, ब्रिटन हे चार विजेते आणि हरलेला फ्रान्स यांच्या वाटाघाटी झाल्या, ती व्हिएन्ना परिषद. पहिल्यांदा मी ही परिषद वर्गात भरवली तेव्हा ती वीस मिनिटांत आटोपली. चारही विजेत्यांनी फ्रान्सचे तुकडे केले, टाळ्या वाजवल्या आणि दप्तरं आवरायला घेतली. चूक माझीच होती. एकमेकांची धास्ती वाटावी असं काही मी त्यांना दिलंच नव्हतं.

आता मी सुरुवातच धास्तीपासून करते. प्रत्येक गटाला एक चिठ्ठी: काय हवंय, कशावर पाणी सोडता येईल, कोणाची भीती आहे. रशियाच्या झार अलेक्झांडरला जवळजवळ सगळं पोलंड हवंय आणि त्याचं सैन्य तिथं आधीच तळ ठोकून आहे. प्रशियाच्या हार्डेनबर्गला अख्खं सॅक्सनी हवंय, कारण तिथला राजा नेपोलियनच्या बाजूनं लढला. ऑस्ट्रियाच्या मेटरनिकला हे दोघंही दाराशी नकोत. ब्रिटनच्या कॅसलरेला युरोपात कोणीच डोईजड व्हायला नको. फ्रान्सच्या टालेरांची चिठ्ठी जवळपास कोरी ठेवा. हरलेल्याकडे द्यायला काही नसतं, पण दोन बाजू अडून बसल्या की तो कोणाकडे झुकतो याला भलतीच किंमत येते. हे त्या गटाला सांगू नका, त्यांना ते सापडू द्या. आणि हा गट वर्गातल्या बोलघेवड्यांना नको, ऐकून घेणाऱ्यांना द्या.

बाकांचं गोल कडं करू नका. सगळे प्रतिनिधी एकत्र बसलेत अशी सभा व्हिएन्नात झालीच नाही. काम झालं ते समित्यांत आणि दिवाणखान्यांत. म्हणून कोपरे वाटून द्या आणि चिठ्ठ्या फिरू द्या. आधी कोण बोलणार यावर भांडण होईलच. पाच मिनिटं होऊ द्या, मग मार्च १८१५ चा नियम सांगा: एकाच दर्जाच्या दूतांत मान त्याचा, ज्यानं आपण आल्याची अधिकृत वर्दी आधी दिली. १६६१ साली लंडनमध्ये कोणाची बग्गी पुढं यावरून फ्रान्स आणि स्पेनच्या दूतांच्या माणसांत रक्त सांडलं होतं. हे ऐकलं की तो कोरडा नियम मुलांना एकदम पटतो.

निम्मा वेळ पोलंड आणि सॅक्सनीला द्या. इथं माझा एकच कडक नियम: धमकी द्यायची तर लेखी, सहीनिशी. तोंडी धमक्या मुलं गंमत म्हणून देतात. सही करताना मात्र हात थबकतो. ३ जानेवारी १८१५ ला ब्रिटन, ऑस्ट्रिया आणि फ्रान्स यांनी गुप्त करार केला: हल्ला झाल्यास प्रत्येकी दीड लाख सैन्य. नऊ महिन्यांपूर्वी पॅरिस गमावलेला फ्रान्स आता दोन विजेत्यांचा भिडू! वर्गात हे आपोआप जुळलं तर खेळ जमला. नाहीच जुळलं तर ब्रिटनच्या कानात कुजबुजा. खऱ्या परिषदेत प्रशियाला सॅक्सनीचा सुमारे दोन पंचमांश भाग आणि ऱ्हाइनकाठचा मुलूख मिळाला, झारला पोलंडचा मोठा तुकडा मिळाला, सगळं पोलंड नाही. तुमच्याकडे वेगळी वाटणी झाली तरी बिघडत नाही.

मग मध्येच दार वाजवा: नेपोलियन एल्बातून, त्याला हद्दपार केलेल्या बेटावरून, निसटला! ही बातमी व्हिएन्नात ७ मार्चला पोचली, तरी वाटाघाटी थांबल्या नाहीत. अंतिम मसुद्यावर सह्या झाल्या ९ जूनला, वॉटर्लूच्या, म्हणजे नेपोलियनच्या शेवटच्या पराभवाच्या, नऊ दिवस आधी.

शेवटची फेरी फ्रान्सच्या शिक्षेची. खरी शिक्षा वॉटर्लूनंतर, नोव्हेंबर १८१५ च्या पॅरिसच्या तहात ठरली: ७० कोटी फ्रँक आणि दीड लाख परक्या सैन्याचा मुक्काम. मुलांना ती वाढवायची हुक्की येते. वाढवू द्या, पण ती कधी संपणार तेही लिहून घ्या. खऱ्या तहात मुक्कामाला कमाल पाच वर्षांची मुदत होती. प्रत्यक्षात १८१८ मध्येच आखेन शहरातल्या परिषदेत सैन्य मागे घ्यायचं ठरलं आणि फ्रान्स इतर सत्तांच्या पंगतीत आला. एका वर्षी मी मुदतीची अट विसरले. त्या वर्षी फ्रान्सच्या गटानं पुढच्या तासाला परिषदेला यायलाच नकार दिला.

एक चिठ्ठी पोलंडचीही काढा. तिच्या वाट्याला खुर्ची आहे, बोलायचा हक्क नाही. सगळं ऐकायचं, टिपायचं. शेवटची पाच मिनिटं तिची. मागच्या खेपेला त्या मुलीनं नकाशा उचलला आणि विचारलं, "बाई, माझी सही कुठं करायची?" मी उत्तर दिलं नाही. पुढच्या तासाला नोव्हेंबर १८३० मधला, रशियाविरुद्धचा वॉर्साचा उठाव शिकवायचा होता.