कंपनीच्या कार्डावर लाउंजला जाताय? या चुका टाळा

सकाळी सव्वापाच, मुंबई विमानतळाच्या टी२ (टर्मिनल २) चा लाउंज, म्हणजे कार्ड दाखवून आत बसायची-खायची जागा, डोळ्यांत झोप, पोटात कावळे आणि आतून इडली-सांबारचा वास. काउंटरवरची मुलगी मशीनकडे बघून हळूच म्हणाली, "सर, डिक्लाइन होतंय." मागे ही लाइन! मी जरा तोऱ्यातच होतो, कारण कार्ड कंपनीचं, तेही चार्ज कार्ड, त्याला ठरलेलं लिमिट नसतं, मग डिक्लाइन कसलं? दिल्लीला पोचल्यावर कळलं की दोन महिने मी एक्सपेन्स रिपोर्ट, म्हणजे खर्चाचा हिशेबच भरला नव्हता, बिल थकलं होतं आणि कार्ड ब्लॉक.

इथेच बहुतेकांची गल्लत होते. चार्ज कार्डाचं बिल दर महिन्याला पूर्ण भरायचं असतं, क्रेडिट कार्डासारखं मिनिमम ड्यू (बिलातली किमान रक्कम) भरून पुढे ढकलता येत नाही. आणि लाउंजवाले नुसतं कार्ड बघून आत सोडत नाहीत, मशीनवर एक-दोन रुपयांचा व्यवहार टाकतात, तो पास झाला तरच आत. कार्ड कितीही भारी असो, थकबाकीत अडकलं की आपण बाहेर. त्यामुळे आदल्या रात्री ॲपमध्ये कार्ड चालू आहे का, ड्यू किती आहे ते बघा, आणि अकाउंट्सवाल्यांशी जरा गोड रहा (पावत्या वेळेवर दिल्या तरी पुरतं).

दुसरं म्हणजे सेटिंग. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार २०२० पासून नवीन कार्डावर ऑनलाइन, टॅप आणि परदेशातला वापर सुरुवातीला बंदच असतो, आपण चालू करायचा. काही बँका लाउंजचा क्यूआर ॲपमधून देतात, तिथे ऑनलाइन बंद असेल तर अडू शकतं. आणि ऑफिसने नुसतं व्हर्च्युअल (फक्त मोबाइलवर दिसणारं) कार्ड दिलं असेल तर ते लाउंजमध्ये चालतं का हे आधी विचारा, बऱ्याच ठिकाणी हातात प्लास्टिकच लागतं.

नावाचा घोळ तर आपल्याकडे ठरलेला. माझ्या एका कलीगचं कार्ड सासरच्या आडनावाचं, तिकीट आधारप्रमाणे माहेरच्या, बिचारी दहा मिनिटं लग्नाची कहाणी सांगत उभी होती. कार्डावरचं नाव बोर्डिंग पासशी जुळायला हवं, जुळत नसेल तर आधी ट्रॅव्हल डेस्कला सांगा.

टर्मिनल बघा हो! कार्डाच्या लाउंजच्या यादीत 'मुंबई' दिसलं की लोक खूश होतात, पण टी१ विलेपार्ले-सांताक्रूझकडे, टी२ सहारला, आणि डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहूनही विमानं उडतात. तुमची फ्लाइट टी१ ची आणि लाउंज टी२ चा असेल तर त्याचं काय लोणचं घालायचंय? टी२ मध्येसुद्धा डोमेस्टिक आणि इंटरनॅशनलचे लाउंज वेगळे, सिक्युरिटी झाल्यावर दुसऱ्या बाजूला जाता येत नाही.

मागच्या वर्षी चाललं म्हणून यंदाही चालेल असंही धरू नका. २०२३-२४ मध्ये कित्येक बँकांनी पर्सनल कार्डांवर खर्चाची अट घातली, एका तिमाहीत ठराविक खर्च केला तरच पुढे फुकट लाउंज. सप्टेंबर २०२५ मध्ये बँकांच्या कार्डांवर लाउंजची सोय जुळवून देणाऱ्या ड्रीमफोक्स कंपनीने देशातल्या लाउंजची सेवा थांबवली, त्यामुळे जुने ॲप, जुने स्क्रीनशॉट सगळं बाद. कॉर्पोरेट कार्डाला काय लागू आहे ते बँक आणि कंपनीच्या करारावर असतं, एकाच ऑफिसात साहेबांचं कार्ड वेगळं, आपलं वेगळं. ॲडमिनला सरळ मेल टाका: तिमाहीत किती व्हिजिट, गेस्ट फुकट की पैसे?

गेस्टचं जरा जपून. बायको-मुलांना घेऊन गेलात आणि कार्डावर गेस्ट फ्री नसेल तर चार्ज कंपनीच्या स्टेटमेंटवर येतो, मग महिनाअखेरीला अकाउंट्समधल्या काकू चष्म्यावरून बघत विचारतात, "हे कोण होते हो?" प्रायॉरिटी पासचंही (काही कार्डांसोबत मिळणारं लाउंजचं वेगळं सदस्यत्व) तसंच, बऱ्याच भारतीय कार्डांवर तो परदेशातच फुकट असतो, मुंबईत दाखवला तर डॉलरमध्ये बिल, वर १८ टक्के जीएसटी.

तरी डिक्लाइन झालंच तर काउंटरवर भांडू नका, त्या मुलीच्या हातात काही नसतं. बाजूला होऊन कार्डाच्या मागच्या नंबरवर फोन लावा, ब्लॉक आहे की कोटा संपलाय ते विचारा. कोटा संपला असेल तर विषय संपला, मी त्या दिवशी गेटजवळ स्वतःच्या पैशाने वडा आणि चहा घेतला, आणि त्याचीही पावती जपून ठेवली.