न्यूयॉर्कचं ट्रॅफिक तिकीट हप्त्यांनी भरायचं असेल तर

मी न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स भागात टॅक्स रिटर्न भरून देते. येणाऱ्यांत टॅक्सी-उबर चालवणारे पुष्कळ, आणि त्यांच्या कागदांच्या पिशवीत न फोडलेलं एखादं सरकारी पाकीट निघतंच. आधी ते फोडा. न्यूयॉर्क राज्यात २०२१च्या जूनअखेरपासून, निव्वळ दंड भरला नाही म्हणून लायसन्स सस्पेंड होत नाही. तिकिटाला, म्हणजे नियम मोडल्याच्या नोटिशीला, उत्तर दिलं नाही, तारखेला हजर राहिला नाहीत, तर मात्र होतं.

तिकीट कुणाकडे आहे ते बघा. न्यूयॉर्क शहरात चालत्या गाडीला मिळालेलं ट्रॅफिक व्हायोलेशन्स ब्युरोकडे जातं, शहराबाहेरचं बहुतेक त्या गावच्या कोर्टाकडे. दोन ठिकाणी तिकिटं असतील तर दोन्हीकडे हप्त्यांसाठी अर्ज करा. पार्किंगची तिकिटं यात धरू नका, ती शहराच्या फायनान्स खात्याकडे. आणि हप्ते मिळतात म्हणून घाईने गुन्हा कबूल करू नका. लायसन्सवर पॉइंट (गुन्ह्यागणिक नोंदले जाणारे दोषांक) लागले की विमा वाढतो, तो हप्त्यापेक्षा जड जातो.

हप्त्याचा हिशेब: महिन्याच्या निव्वळ उत्पन्नाच्या २ टक्के किंवा २५ डॉलर, यातलं जे जास्त ते. महिन्याला ३,००० असतील तर ६०. १,००० असतील तर २० होतात, पण भरायचे २५. सरचार्ज, म्हणजे दंडावरचं जादा शुल्क, तोही यातच येतो. इथे ड्रायव्हर मंडळी अ‍ॅपवर दिसणारा मोठा आकडा सांगून मोकळी होतात. अहो, त्यातून पेट्रोल, विमा, गाडीचा हप्ता कोण भरतं? मी तरी मागच्या रिटर्नमधलं शेड्यूल सी (स्वतःच्या धंद्याचा नफा-तोटा दाखवणारा फॉर्म) सोबत न्यायला सांगते; त्यात धंद्याचा खर्च वजा झालेला असतो.

पॉइंट ६ झाले की डीएमव्ही (राज्याचं मोटार वाहन खातं) वेगळी रक्कम लावते, वर्षाला निदान १०० डॉलर, ३ वर्षं. ती कोर्टाच्या हप्त्यांत बसत नाही. त्याचं पत्र वेगळं येतं, आणि ती चुकवली तर लायसन्स जातं.

लायसन्स आधीच सस्पेंड असेल, तर हप्ते मंजूर झाल्याचा कागद मिळाला म्हणून त्याच दिवशी गाडी काढू नका. डीएमव्हीच्या नोंदीत सस्पेन्शन उठलेलं दिसू द्या. सस्पेंड लायसन्सवर गाडी चालवणं म्हणजे साधं तिकीट नव्हे, मिसडिमिनर, म्हणजे फौजदारी गुन्हा आहे. व्हिसावर असाल तर आधी वकिलाला विचारा, मग माझ्याकडे या.