डागडुजी बाकी असलेली जुनी कॅडिलॅक किंवा लिंकन अमेरिकेत कशी विकावी

साठ-सत्तरच्या दशकातली चार दारांची अमेरिकन आलिशान गाडी (कॅडिलॅक, लिंकन काँटिनेंटल किंवा इम्पीरियल) विकायला काढली की पहिला मोह होतो तो रंग मारून घेण्याचा. तो आवरा. चार दारांच्या सेडानला त्याच वर्षीच्या कन्व्हर्टिबलचा (छत उघडणाऱ्या गाडीचा) भाव सहसा येत नाही, पण रंग, क्रोम आणि सीटच्या कामाचा खर्च मात्र जवळपास तेवढाच लागतो. तो पैसा विक्रीतून सुटत नाही. उलट ताजा रंग पाहून जाणकार गिऱ्हाइकाला शंका येते, की खाली काय झाकलंय? अशा गाडीचे पैसे मिळतात ते सुटे भाग पुरे असण्याचे आणि खऱ्या माहितीचे.

आधी कागद

टायटल (मालकीचा सरकारी कागद) तुमच्याच नावावर आहे ना, जुन्या कर्जाची नोंद त्यावर राहिलीय का, हे पाहा. मग त्यावरचा क्रमांक गाडीवरच्या क्रमांकाशी एकेक अक्षर जुळवा. 17 अक्षर-अंकांचा व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) 1981 च्या मॉडेलपासून सुरू झाला. त्याआधी प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी होती, त्यामुळे उतरवून घेताना चुका होत. एका अंकाचा फरक असला तरी जाहिरातीआधी राज्याच्या मोटार वाहन कार्यालयातून दुरुस्त करून घ्या. न्यूयॉर्कमध्ये 1972 पर्यंतच्या मॉडेलना टायटल नसतं, तिथे हस्तांतरित होणारं रजिस्ट्रेशनच मालकीचा पुरावा मानतात. परराज्यातल्या गिऱ्हाइकाला हे आधीच सांगा.

गंज शोधा

छतावर विनाइलचं (चामड्यासारख्या दिसणाऱ्या प्लास्टिकचं) आवरण असेल तर मागच्या काचेच्या खालच्या दोन कोपऱ्यांवर बोट दाबा. विनाइल फुगलेलं असेल आणि खाली करकर लागली, तर पत्रा गेला म्हणून समजा. तिथून झिरपलेलं पाणी डिकीत उतरतं, म्हणून तिथला गालिचा आणि स्टेपनी काढून तळ पाहा. दारांखालची पट्टी आणि चाकांवरच्या कमानी यांवर पातळ फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवा. ते धरत नाही तिथे पुट्टी भरलेली असणार. 1961 ते 1969 च्या काँटिनेंटलला वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार पेलते. तिच्या तळाचा गंज म्हणजे गाडीच्या ताकदीचाच प्रश्न, त्यामुळे तो फोटोत दिसलाच पाहिजे. सत्तरच्या दशकातल्या कॅडिलॅकच्या बंपरलगतचे प्लास्टिकचे तुकडे भुगा होऊन पडतात. ते नवे मिळतात, त्याची फार काळजी नको.

इंजिन

बरीच वर्षं उभ्या असलेल्या गाडीला थेट स्टार्टर मारू नका. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका, नाहीतर त्याचा चिकट गाळ पंपात आणि कार्ब्युरेटरमध्ये जाईल. आठही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि रात्रभर राहू द्या. मग क्रँकशाफ्टच्या पुढच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने फिरवा. फिरलं नाही तर जोर लावू नका, ‘इंजिन जाम आहे’ असं सरळ लिहा. फिरलं तर ऑइल बदला, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून आठही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आत तयार होणारा हवेचा दाब) मोजा आणि आकडे जसेच्या तसे लिहून ठेवा. सर्वांत कमी आकडा सर्वांत जास्त आकड्याच्या 75 टक्क्यांहून खाली नसावा.

कॅडिलॅकच्या 472 आणि 500 घनइंची इंजिनात कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) गिअरला नायलॉनचे दात होते. वय झालं की ते तुटतात, तुकडे ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात आणि ऑइलचा दाब पडतो. गिअर बदलला असेल तर पावती जपा, नसेल तर तसं सांगा.

एसीबद्दल ‘फक्त गॅस भरायचा आहे’ असं कधीही लिहू नका. गॅस गेला म्हणजे कुठेतरी गळती आहे. शिवाय या गाड्यांचा आर-12 गॅस अमेरिकेत बनवणं 1995 अखेर थांबलं.

खर्च करायचाच तर

धुणं, टायरमध्ये हवा, चांगली बॅटरी, एवढं पुरे. स्टीलच्या पट्ट्या, मागच्या दिव्यांच्या काचा, चाकांच्या टोप्या, मूळ कार्ब्युरेटर, जे काही सुटं पडलंय ते गोळा करा, चिठ्ठ्या लावा आणि चादरीवर मांडून फोटो काढा. इंजिनचे भाग बाजारात मिळतात. त्या एका वर्षापुरती बनलेली पट्टी मिळता मिळत नाही.

किंमत आणि जाहिरात

हॅगर्टी या कंपनीच्या जुन्या गाड्यांच्या दरपत्रकात 1 (सर्वांत उत्तम) ते 4 असे दर्जे असतात. काम बाकी असलेली गाडी बहुधा 4 च्याही खाली येते. हेमिंग्ज या जुन्या गाड्यांच्या जाहिरातींच्या साइटवर दिसतो तो मागितलेला भाव. ब्रिंग अ ट्रेलर या लिलावाच्या साइटवर झालेल्या लिलावांचे आकडे दिसतात. तुलना चार दारांच्या गाड्यांशीच करा. गाडी ढकलली तर सरकते का, स्टिअरिंग वळतं का, ब्रेक लागतो का, हे जाहिरातीत लिहा. नेणाऱ्या ट्रकला विंच (गाडी ओढून वर चढवणारं यंत्र) लागेल की नाही ते त्यावर ठरतं. थंड इंजिन सुरू होतानाचा सलग व्हिडिओ ठेवा. चारही दारांच्या काचांची बटणं एकेक करून तपासा आणि चालणाऱ्या-न चालणाऱ्या गोष्टींची यादी द्या.

व्यवहार

कॅशियर चेक (बँकेने स्वतःच्या नावावर दिलेला चेक) गिऱ्हाइकाच्या बँकेत, तुमच्यासमोर काढून घ्या. ठरल्यापेक्षा जास्त रकमेचा चेक पाठवून ‘उरलेले परत करा’ म्हणणारा फसवतोय, हे धरून चाला. बिल ऑफ सेलवर (विक्रीच्या कागदावर) ‘आहे त्या स्थितीत’ हे शब्द हवेत. कॅलिफोर्नियात 1975 पर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना स्मॉग तपासणी (धुराची तपासणी) माफ आहे. 1976 ची असेल तर प्रमाणपत्र देणं विकणाऱ्याकडे येतं. तिथे विक्रीनंतर 5 दिवसांत मोटार वाहन कार्यालयाला हस्तांतरणाची सूचना भरा. नाहीतर नव्या मालकाच्या पार्किंगचे दंड तुमच्या पत्त्यावर येतील.