सत्तेला खुपणारं चॅनल चालवताय? फोन आणि खाती अशी सांभाळा

परभणी, बीड, हिंगोलीत आता तालुक्यागणिक एक यूट्यूब चॅनल आहे. गोदावरीतला वाळू उपसा, पीक विम्याचे घोळ, टँकरच्या कागदोपत्री फेऱ्या हे विषय जिल्हा आवृत्तीत यायच्या आधी तिथं गाजतात. मग दबावही तिथंच येतो. नोटीस आणि फोनवरची दमदाटी सगळ्यांच्या अंगवळणी पडली आहे. चॅनल हातचं जाणं किंवा आपला फोन भलत्यानेच वाचणं, याची तयारी मात्र फार थोड्यांची असते.

सरकारं असं करतात का? करतात. २०१६ साली संयुक्त अरब अमिरातीतले मानवाधिकार कार्यकर्ते अहमद मन्सूर यांना तुरुंगातल्या छळाची गुपितं सांगतो म्हणणारा एसएमएस आला, सोबत लिंक. त्यांनी ती न दाबता टोरांटोच्या सिटिझन लॅब या संशोधन संस्थेकडे पाठवली आणि पेगासस हे फोनमध्ये घुसून हेरगिरी करणारं सॉफ्टवेअर उघडं पडलं. फिलिपिन्समध्ये २०२१ साली टीकाकार वृत्त-संकेतस्थळांवरच्या हल्ल्याचा माग तिथल्या लष्कराला दिलेल्या आयपी पत्त्यापर्यंत (इंटरनेटवरच्या जोडणीच्या क्रमांकापर्यंत) पोचला. आपल्याकडे पेगाससची चौकशी करणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या समितीला तपासलेल्या २९ पैकी ५ फोनमध्ये मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, सापडलं. ते पेगाससच होतं का, हे ठरलं नाही. भीमा कोरेगाव प्रकरणात आरोपी रोना विल्सन यांच्या लॅपटॉपमध्ये घुसून कागदपत्रं पेरली गेली, असा अहवाल अमेरिकेच्या आर्सेनल कन्सल्टिंग या डिजिटल पुरावे तपासणाऱ्या कंपनीने २०२१ मध्ये दिला. पेरणारा कोण, हे त्यात नव्हतं.

पेगासससारखं महागडं हत्यार तालुक्याच्या बातमीदारावर सहसा कुणी खर्च करत नाही. इथं येतात ते स्वस्तातले मार्ग, आणि ते बंद करायला फारसा पैसा लागत नाही.

पायरी १ : आधी माणसं मोजा

कोणती माहिती फुटली तर कुणाला त्रास होईल, हे ठरवा. तुमच्यावर फार तर गुन्हा दाखल होईल; पण ज्या कारकुनाने नोंदवहीचा फोटो पाठवला, त्याची नोकरी जाईल. असे फोटो आले की लगेच बाजूला काढून चॅट पुसा, पुढचं बोलणं सिग्नल या अ‍ॅपवर न्या आणि तिथं संदेश आपोआप मिटण्याची वेळ लावून ठेवा. त्याचं नाव फोनमध्ये हुद्द्यासकट सेव्ह करू नका. ही पायरी बहुतेक जण वगळतात, आणि माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची आहे.

पायरी २ : व्हॉट्सअ‍ॅप तपासा

सेटिंग्जमध्ये 'लिंक्ड डिव्हायसेस' उघडा. तिथं तुमच्या फोनला जोडलेल्या प्रत्येक संगणकाचं नाव आणि तो शेवटचा कधी चालू होता ती वेळ दिसते. तुम्ही कधीच लॅपटॉप जोडला नाही आणि तिथं 'गुगल क्रोम, विंडोज' दिसतंय, म्हणजे बहुधा कुणीतरी दोन मिनिटं फोन हातात घेऊन क्यूआर कोड स्कॅन केला आहे. आधी स्क्रीनशॉट, मग त्यावर बोट ठेवून लॉग आउट. त्याच सेटिंग्जमध्ये सहा आकडी पिनही लावा. कॉल कुठे वळवले आहेत का, ते *#२१# डायल करून कळतं; वळवलेले दिसले तर ##००२# ने बंद करा. आणि चौकशीला बोलावलं असेल तर जाण्याआधी बोटाच्या ठशाचं लॉक बंद करून लांब पिन ठेवा.

पायरी ३ : चॅनलची किल्ली जीमेलमध्ये

ऑफिसातल्या चौघांना एकच पासवर्ड, ही आपल्याकडची सर्रास रीत. ती मोडा. यूट्यूब स्टुडिओत 'परमिशन्स'मधून प्रत्येकाला त्याच्या स्वतःच्या ईमेलवर एडिटर किंवा मॅनेजर करता येतं. जीमेलला पासकी लावा, म्हणजे पासवर्डऐवजी तुमच्याच फोनच्या लॉकने खातं उघडतं. एसएमएसच्या ओटीपीवर विसंबू नका, कारण तुमच्या नावाचं दुसरं सिम काढलं की ओटीपी तिकडे जातो. गुगलची 'अ‍ॅडव्हान्स्ड प्रोटेक्शन' सोय पत्रकारांसारख्या जास्त जोखमीतल्या लोकांसाठी आहे आणि ती फुकट आहे.

पायरी ४ : फाइल आणि लिंक

'पीक विमा यादी.एपीके' असं काही आलं, तर ते गावच्या ग्रुपवरून आलं असलं तरी उघडायचं नाही. एपीके म्हणजे फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल; यादी कधीच एपीके नसते. गुपित कागद म्हणून आलेली पीडीएफ फोनवर न उघडता गुगल ड्राइव्हमध्ये टाकून तिथंच पाहा. फोन अपडेट ठेवा, रोज एकदा बंद करून चालू करा. काही हेरगिरी अ‍ॅप्स तेवढ्याने निघून जातात, सगळी नाही. आयफोन असेल तर 'लॉकडाउन मोड' लावा; तो हल्ल्याच्या बऱ्याच वाटा बंद करतो.

पायरी ५ : संकेतस्थळ आणि स्ट्राइक

डीडॉस हल्ला म्हणजे रेशन दुकानापुढे भाडोत्री माणसांची रांग लावण्यासारखं. खऱ्या गिऱ्हाइकाचा नंबरच लागत नाही. बातम्यांच्या छोट्या संकेतस्थळांना गुगलचं प्रोजेक्ट शील्ड आणि क्लाउडफ्लेअरचं प्रोजेक्ट गॅलिलिओ असं संरक्षण मोफत देतात. अर्ज आधीच करून ठेवा.

यूट्यूबवर ९० दिवसांत तीन कॉपीराइट स्ट्राइक (दुसऱ्याचं चित्रीकरण वापरल्याच्या तक्रारीवरून मिळणारे ठपके) आले तर चॅनल बंद होऊ शकतं, त्यामुळे खोटे दावे ठोकणं सोपं शस्त्र झालं आहे. मूळ चित्रीकरण तारखेसह हार्ड डिस्कवर जपा. प्रतिदावा करताना तेच कामी येतं. निजामाने 'मराठवाडा' साप्ताहिकावर बंदी घातली तेव्हा संपादक आ. कृ. वाघमारे नव्या नावाने अंक काढत राहिले. तसंच तुम्हीही दुसरं चॅनल आणि प्रेक्षकांचा एक ब्रॉडकास्ट ग्रुप आत्ताच उघडून ठेवा.

फेब्रुवारी २०२४ मध्ये मराठा आरक्षण आंदोलनावेळी जालना, बीड आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांत इंटरनेट बंद केलं होतं. अशा वेळी साधा कॉल आणि एसएमएस चालू असतील तर तेच उरतात, म्हणून महत्त्वाचे नंबर वहीत हवेत.

हल्ला झालाच तर

फोन रीसेट करू नका, पुरावा त्यातच आहे. इंटरनेट तोडा, दुसऱ्या फोनने स्क्रीनचे फोटो काढा, वेळा लिहा आणि खात्यांचे पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदला. ज्यांनी तुम्हाला माहिती दिली, त्यांना त्याच फोनवरून कळवू नका. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जिल्ह्याच्या सायबर पोलिसांकडे करता येते. पोच घेतल्याशिवाय उठू नका. संशय स्थानिक यंत्रणेवरच असेल तरी लेखी तक्रार ठेवाच, न्यायालयात तीच दाखवावी लागते. फोनची तांत्रिक तपासणी मात्र बाहेरून करून घ्या: अ‍ॅक्सेस नाउ या आंतरराष्ट्रीय संस्थेची डिजिटल सुरक्षा हेल्पलाइन पत्रकार आणि कार्यकर्त्यांना चोवीस तास, विनामूल्य मदत करते.