24 लाखांचे 1 लाख 40 हजार

इंग्लंडला जाऊन फुटबॉलच्या धंद्याचं शिकायचं आणि तिथल्याच एखाद्या क्लबात चिकटायचं, असं ठरवून बसलेल्या पोरापोरींचे महिन्याला चार-पाच तरी मेसेज मला येतात. बरेचसे पुण्या-मुंबईचे, एखाददुसरा मडगावचा. कोल्हापूरचा आला की हातातलं काम ठेवून वाचते, कारण मीही तिथलीच. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालमीची टीम खेळणार असली की आमच्या घरात जेवणाची वेळ बदलायची. पुढे पीएसआर हा शब्द येईल, तो म्हणजे क्लबांच्या तोट्यावर मर्यादा घालणारा प्रीमियर लीगचा नियम.

माझं भांडवल काय होतं? बी.कॉम., सीए इंटरचा एक ग्रुप, पुण्यात आर्टिकलशिप, आणि कॉलेजात वादविवाद स्पर्धांचे तीन करंडक. या करंडकांनीच माझा घात केला. आपल्याला बोलता येतं म्हणजे आपल्याला कळतं, असं मला मनापासून वाटायचं.

2023च्या सप्टेंबरात उत्तर इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात एमएस्सीला गेले. फेब्रुवारीनंतर सेमिनारला दोन गट पाडून वाद घालायला लावायचे. विषय ठरलेले: खर्चाच्या मर्यादा स्पर्धा वाचवतात की मारतात, मालकानं स्वतःच्या खिशातून कितीही ओतावं की नाही, असले. माझी बाजू मर्यादांच्या विरोधात होती. त्याच सुमारास नॉटिंगहॅम फॉरेस्टचे 4 गुण कापले गेले होते, त्यामुळे मला आयतं कोलीत मिळालं.

फॉरेस्टचं प्रकरण असं. प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या सगळ्यात वरच्या विभागात, तेव्हा तीन वर्षांत जास्तीत जास्त साडेदहा कोटी पाउंडांचा तोटा चालायचा. फॉरेस्टची त्यातली दोन वर्षं खालच्या चॅम्पियनशिपमधली, म्हणून त्यांची मर्यादा 6.1 कोटी. ते तिच्या 3.45 कोटींनी वर गेले. हिशेबाचं वर्ष 30 जूनला संपत होतं आणि त्यांनी ब्रेनन जॉन्सन टॉटनहॅमला विकला 1 सप्टेंबर 2023ला, 4.75 कोटींना. फॉरेस्टचं म्हणणं, जूनमध्ये विकला असता तर एवढा भाव आला नसता. थांबलो हा शहाणपणा. आयोगानं ते मानलं नाही. मी मात्र हेच म्हणणं घेऊन दहा मिनिटं दणकून बोलले. व्यापाऱ्याला चांगला भाव येईपर्यंत थांबल्याबद्दल शिक्षा करणारा हा कुठला नियम? शिवाय मर्यादा एकीकडे असली तरी खर्च शेवटी उत्पन्नावरच उभा राहतो, म्हणजे ज्याचं स्टेडियम मोठं तो कायमचा मोठा. न्यूकॅसलला 2021पासून सौदी पैसा आहे, तरी हात बांधलेले. टाळ्या मिळाल्या.

मग समोरच्या गटातला एक पन्नाशीचा गृहस्थ उठला. नोकरी गेल्यावर शिकायला आलेला, बरी (Bury) या गावचा माणूस. त्यानं नियमांवर एक वाक्यही बोललं नाही. 27 ऑगस्ट 2019ची सकाळ सांगितली. गिग लेनवर, म्हणजे तिथल्या क्लबाच्या मैदानावर, माणसं झाडू, फडकी, बादल्या घेऊन आली होती. क्लब विकला जाणार, खेळ सुरू होणार, म्हणून खुर्च्या पुसत होती. त्याच रात्री बरी एफसीला लीगमधून काढलं. 1885चा क्लब, एफए कप हा इंग्लंडचा मानाचा चषक दोनदा जिंकलेला, मालकानं 1 पाउंडला घेतलेला. आणि आदल्याच मोसमात, पगार थकलेले असताना, संघ वरच्या विभागात चढला होता. शेवटी तो मला म्हणाला, "तुमचं सगळं बरोबर असेल. फक्त एक सांगा, त्या महिन्याचा पगार कुठल्या पैशातून द्यायचा होता?"

मी उत्तर दिलं. काहीतरी गुळगुळीत दिलं. गुणही चांगले पडले. हा प्रश्न खरा मला वर्षभरानं कळला, आणि तोवर एक नोकरी हातची गेली होती.

आता ती नोकरी ज्या सापळ्यात गेली त्याकडे येते. इथं मी जरा जास्तच बोलेन, कंटाळा आला तरी वाचा.

एका क्लबात (नाव सांगणार नाही, खालच्या विभागातला होता) फायनान्स असिस्टंटच्या जागेसाठी परीक्षा होती. आकडे मी थोडे बदललेत, साचा तोच. क्लबानं स्ट्रायकर विकला 24 लाख पाउंडांना. दोन वर्षांपूर्वी तो 12 लाखांना घेतला होता, तीन वर्षांच्या करारावर. आधीच्या क्लबाला नफ्यातला 20 टक्के वाटा द्यायचा आहे. महिन्याचा पगार साडेतीन लाख. बँकेत शिल्लक जवळपास शून्य. प्रश्न: सप्टेंबरचा पगार निघेल का?

मी अमॉर्टायझेशन, म्हणजे खेळाडूची खरेदी किंमत कराराच्या वर्षांवर वाटून खर्ची टाकणं, कोळून प्यायलेली. 12 लाख भागिले 3, म्हणजे वर्षाला 4 लाख खर्ची पडले. दोन वर्षांत 8 गेले, पुस्तकात किंमत उरली 4. विक्री 24, म्हणजे नफा 20. आधीच्या क्लबाचा वाटा 12 लाखांच्या वाढीवर 20 टक्के, 2 लाख 40 हजार. निव्वळ 17 लाख 60 हजार. खाली ठळक लिहिलं: पगार निघतो, पाच महिन्यांचा निघतो.

चूक. शंभर टक्के चूक.

त्या कागदाच्या दुसऱ्या पानावर हप्त्यांचा तक्ता होता. मी तो पाहिला होता, पण "तपशील" म्हणून सोडला होता. घेणारा क्लब आत्ता देणार 6 लाख, पुढच्या जुलैत 9, त्याच्या पुढच्या जुलैत 9. वाट्याचे पैसे हप्त्याच्या प्रमाणात द्यायचे, म्हणजे आत्ता 60 हजार. आणि गंमत म्हणजे, ज्याला विकलं त्याच पोराच्या मूळ खरेदीचा शेवटचा हप्ता, 4 लाख, अजून आपणच देणं होतो आणि तो ऑगस्टात होता. 6 वजा 60 हजार वजा 4. बँकेत राहिले 1 लाख 40 हजार. अर्ध्या महिन्याचाही पगार नाही.

वर्तमानपत्रात 24 लाख, नफा-तोटा पत्रकात 17 लाख 60 हजार, बँकेत 1 लाख 40 हजार. खेळाडू एकच, व्यवहार एकच, आणि तिन्ही आकडे खरे. पीएसआरचा सगळा वाद दुसऱ्या आकड्यावर चालतो, म्हणून आपण शिकतो तोही दुसराच. चेल्सीनं मुद्रिक या खेळाडूला साडेआठ वर्षांचा करार का दिला, यावर आपण तासभर बोलू शकतो: वर्षं वाढली की वर्षाचा भार कमी. (ती पळवाट बुजली. आधी युएफानं (युरोपची फुटबॉल संघटना), मग 2023च्या डिसेंबरात प्रीमियर लीगनं पाच वर्षांची मर्यादा घातली. करार कितीही लांब करा, खर्च पाचातच वाटायचा.) घरच्या अकॅडमीतला पोरगा विकला की सगळीच रक्कम नफा, कारण पुस्तकात त्याची किंमत शून्य. म्हणून चेल्सीनं माउंट विकला आणि न्यूकॅसलनं 2024च्या जूनअखेरीस आपला एलियट अँडरसन. हे सगळं पाठ असतं. पण क्लब मरतो तो तिसऱ्या आकड्यानं. पोर्ट्समथनं 2008ला एफए कप उचलला आणि 2010च्या फेब्रुवारीत प्रशासकाच्या ताब्यात गेला. तिथं अमॉर्टायझेशन कमी पडलं नव्हतं, रोकड संपली होती.

अजून एक आडवळण आहे. येणारे हप्ते बँकेकडे तारण ठेवून आजच पैसे उचलता येतात, व्याज भरून. बरेच क्लब करतात. म्हणजे पुढच्या जुलैतले 9 लाख तुमच्या तक्त्यात दिसतात, पण ते आधीच दुसऱ्याचे झालेले असतात. दिसलेल्या प्रत्येक हप्त्यापुढे विचारा: हा अजून आपलाच आहे का?

परीक्षेनंतर दोन ओळींचा नकार आला. त्या रात्री काकांना फोन केला. कोल्हापुरात त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे, फुटबॉल म्हटलं की शटर खाली. मी आकडे सांगितले तर हसायलाच लागले. "अगं, उधारीवर माल विकला तर गल्ल्यात काय येतंय? एवढं शिकायला तू इंग्लंडला गेलीस व्हय!" मला रडू आलं, पण पहिल्यांदा नीट कळलं ते त्या फोनवर.

मेंटरबद्दल माझं मत कडू आहे, आणि ते राहणार. लिंक्डइनवर "फुटबॉल इंडस्ट्रीत शिरा" असं सांगून तासाला पैसे घेणारे बरेच आहेत. मीही एकाला दिले, आठवड्याचा किराणा झाला असता एवढे. त्यानं सीव्हीचा फॉन्ट बदलायला सांगितला. शेवटच्या रविवारी सर्टिफिकेट देणारे ऑनलाइन कोर्सही तसलेच. त्याऐवजी मी नॉन-लीगमधल्या (वरच्या चार विभागांच्याही खालच्या) एका छोट्या क्लबात शनिवारी फुकट जायला लागले. तिथला खजिनदार निवृत्त बँक कारकून. मॅच सुरू होऊन वीस मिनिटं झाली की गेटावरची नाणी तो टेबलावर ओतायचा, पाउंडाचे वीस-वीसचे मनोरे रचायचा, खाण्याच्या टपरीचा गल्ला वेगळा, सोडतीच्या तिकिटांचा वेगळा. मी स्पॉन्सरच्या बिलाबद्दल काही सांगायला गेले की एकच विचारायचा, "आले का बँकेत?" दीड वर्षाच्या कोर्सातही कुणी असं विचारलं नव्हतं. हो, कोर्स एकाच वर्षाचा होता, पण मला दीड वाटला.

व्हिसाचं स्पष्ट सांगते, कारण एजंट सांगत नाहीत. शिक्षणानंतरचा ग्रॅज्युएट व्हिसा दोन वर्षांचा. 2027च्या जानेवारीपासून अर्ज केलात तर मास्टर्सवाल्यांना 18 महिनेच. पुढे स्किल्ड वर्कर व्हिसाला साधारण पगाराची रेषा आहे 41,700 पाउंड. नवख्यांना सवलतीचा दर आहे, पण तो कायमचा नाही. खालच्या विभागातल्या क्लबात तिकीट विभाग किंवा मार्केटिंगमध्ये सुरुवात करून ती रेषा गाठणं मला तरी जमण्यासारखं दिसलं नाही. घरचं शेत विकून येऊ नका. खरंच नका.

घाबरवायला लिहीत नाहीये. रस्ता आहे, फक्त सरळ नाही. मी क्लबाचा नाद सोडून एसीसीए, म्हणजे ब्रिटनची अकाउंटंटची परीक्षा, पूर्ण केली. भारतातलं बी.कॉम. काही पेपर वाचवून गेलं. मग एका हिशेबतपासणी फर्मनं घेतलं, व्हिसाही त्यांनीच दिला. आमच्याकडे दोन क्लबांचं ऑडिट आहे. म्हणजे मी अजून क्लबात नाही. दारात आहे. पण हिशेब येणारा माणूस लागतो, आणि आता जास्त लागेल: 2025च्या जुलैत फुटबॉलच्या स्वतंत्र नियामकाचा कायदा झाला आणि 2026-27पासून प्रीमियर लीगनं पीएसआर सोडून उत्पन्नाच्या 85 टक्क्यांची संघखर्चाची मर्यादा ठरवली.

मुलाखतीत आपल्याला हमखास विचारतात ते ब्लॅकबर्न रोव्हर्स या क्लबाबद्दल. पुण्याच्या वेंकीजनं 2010च्या नोव्हेंबरात क्लब घेतला, डिसेंबरात अनुभवी मॅनेजर सॅम अ‍ॅलरडाइसला काढलं, 2012ला प्रीमियर लीगमधून खाली, 2017ला तिसऱ्या विभागात. 1995चा प्रीमियर लीग विजेता क्लब. लोक अजून चिडतात, आणि चुका मोठ्याच होत्या. लाजून विषय बदलू नका आणि "आपली माणसं" म्हणून बाजूही घेऊ नका. मी एवढंच म्हणते की मालक वर्षानुवर्षं रोकड घालत राहिले, म्हणून ब्लॅकबर्नचं बरी एफसीसारखं झालं नाही. मग समोरचा विचारतो, एकाच मालकाच्या पैशावर उभा असलेला क्लब हा धंदा म्हणायचा का? तिथून खरी मुलाखत सुरू होते.

तयारीला खर्च शून्य. इंग्लिश क्लबांचे हिशेब कंपनीज हाउसच्या साइटवर फुकट मिळतात. बहुतेकांचं वर्ष 30 जूनला संपतं आणि नऊ महिन्यांची मुदत असते, म्हणून मार्चअखेरीस ढीगभर पडतात. एकच क्लब घ्या, मोठा नको. नफ्याचं पान सोडा. थेट हिशेबाच्या शेवटच्या टिपांमध्ये जा आणि येणं किती, देणं किती, त्यातलं वर्षाच्या आतलं किती, हे कागदावर पेननं उतरवा. पहिल्यांदा डोकं गरगरेल. माझं अजून गरगरतं.

मला मेसेज करताना क्लबाचं नाव, हिशेबाचं वर्ष आणि कुठल्या टिपेत अडलात तेवढं लिहा. अशा मेसेजला मी शनिवारी रात्री नाणी मोजून आले की उत्तर देते, उशीर झाला तरी. "ताई, गायडन्स पाहिजे" एवढंच असेल तर देत नाही.