लहान मूल सांभाळून कोल्हापुरात घर-जागेच्या मध्यस्थीचे काम कसे सुरू करावे

घरात दोन-तीन वर्षांचे मूल असताना हे काम हाती घेणाऱ्या आईने सगळे कोल्हापूर अंगावर घेऊ नये. पूर्णवेळ एजंट सकाळी फुलेवाडीत, दुपारी उजळाईवाडीत आणि संध्याकाळी कसबा बावड्यात पोहोचू शकतो. आपल्या हाती मुलाचे जेवण आणि झोप सांभाळून दिवसाचे जेमतेम तीन तास येतात. त्यातला निम्मा वेळ वाटेत गेला, तर हाती काहीच उरत नाही. म्हणून घरापासून दुचाकीवर दहा मिनिटांत गाठता येईल असा एकच भाग निवडावा आणि तो इतका पक्का माहीत करून घ्यावा की कोणत्या अपार्टमेंटमध्ये पाणी किती वाजता येते, पार्किंग कोणाच्या नावावर आहे आणि देखभाल खर्च किती घेतात, हे फोनवरच सांगता यावे. राजारामपुरीत राहणारीने तिथल्या गल्ल्या धराव्यात, कळंब्यात राहणारीने कळंबा आणि पाचगाव.

सुरुवात भाड्याच्या घरांपासून करणे सोयीचे असते, कारण व्यवहार थोड्या दिवसांत पुरा होतो आणि शिवाजी विद्यापीठ व महाविद्यालयांमुळे जून-जुलैच्या आसपास खोल्यांची विचारणा वाढते. दलाली साधारणतः एका महिन्याच्या भाड्याइतकी ठरते. ती घर दाखवण्यापूर्वीच दोन्ही बाजूंना स्पष्ट सांगून व्हॉट्सॲपवर लिहून ठेवावी. लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानुसार बंधनकारक आहे. ही नोंदणी ऑनलाइन होत असल्याने ते काम मूल झोपल्यावर घरी बसूनही करता येते.

नव्या प्रकल्पातील सदनिका किंवा भूखंड विकून द्यायचा असेल, तर मात्र महारेराची, म्हणजे गृहप्रकल्प आणि एजंट यांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची नोंदणी हवीच. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ नुसार नोंदणीशिवाय असे काम करणाऱ्या एजंटाला दररोज दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो आणि तो वाढत मालमत्तेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. नोंदणीसाठी आधी ठरावीक प्रशिक्षण घेऊन सक्षमता परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते, मग ऑनलाइन अर्ज करावा लागतो. नोंदणी मिळाल्यावर आपला नोंदणी क्रमांक प्रत्येक व्यवहारात नमूद करावा, आणि महारेरा क्रमांक नसलेल्या प्रकल्पाची जाहिरात बिल्डरने कितीही गळ घातली तरी पुढे पाठवू नये.

अर्धवेळ एजंटाची पत खरी ठरते ती कागदांवर, आणि यासाठी मी सर्वांत जास्त वेळ देते. धावपळीत आपण कोणाच्या पुढे जाऊ शकत नाही, पण रात्री शांतपणे सातबारा, फेरफार (मालकीतील बदलांची नोंद) आणि मिळकत पत्रिका (शहरी मालमत्तेचा मालकी उतारा) वाचून गिऱ्हाइकाला सावध करू शकतो. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २, म्हणजे हस्तांतरावर निर्बंध असलेली जमीन, असा शेरा असेल, तर सरकारी परवानगीशिवाय विक्री होत नाही. देवस्थान इनामाच्या, म्हणजे देवळाच्या खर्चासाठी दिलेल्या जमिनी आपल्या जिल्ह्यात पुष्कळ आहेत. तसा उल्लेख दिसला की वकिलाचा सल्ला मिळेपर्यंत टोकन (आगाऊ रक्कम) घेऊ देऊ नये. स्वस्तात मिळणारा गुंठा-दोन गुंठ्यांचा तुकडा बिगरशेती (शेतीव्यतिरिक्त वापराचा) झालेला आहे का, हे विचारावे, कारण शेतजमीन शेतकरी नसलेल्या माणसाला सहसा विकत घेता येत नाही. मालकीचा शोध अहवाल, म्हणजे जुन्या नोंदी तपासून मालकी निर्वेध आहे का ते सांगणारा कागद, वकिलानेच द्यावा. तो आपला अधिकार नव्हे, हे गिऱ्हाइकाला मोकळेपणाने सांगावे.

कोल्हापुरात आणखी एक प्रश्न न चुकता विचारावा लागतो, तो पाण्याचा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शाहूपुरी, नागाळा पार्क, दुधाळी अशा भागांतील काही वस्त्यांत पंचगंगेचे पाणी शिरले होते. पुराचे पाणी कुठवर येऊ शकते हे दाखवणाऱ्या निळ्या किंवा लाल पूररेषेच्या आत इमारत येते का, हे नकाशावर पाहावे, आणि त्याच जिन्यातल्या जुन्या रहिवाशाला त्या दोन्ही वर्षी पाणी कुठवर आले होते, ते विचारावे. विकणाऱ्याला हा प्रश्न आवडत नाही, तरी तो विचारायचाच. तळमजल्यावर घर घेणाऱ्या कुटुंबाची आयुष्यभराची पुंजी त्यात अडकलेली असते.

मुलाची व्यवस्था आधी आणि गिऱ्हाइकाला वेळ नंतर, हा क्रम ठेवावा. आजी, शेजारीण किंवा बालवाडी यांपैकी कोण कोणत्या दिवशी मूल सांभाळेल, हे आठवड्याच्या सुरुवातीला ठरवावे. नोकरदार मंडळी रविवारीच घर बघायला निघतात, त्यामुळे रविवारची सकाळ घरच्यांनी मुलाला द्यावी, हे बोलून घ्यावे. माझी मुलगी अडीच वर्षांची असताना मी तिला एकदा कठडा नसलेल्या अर्धवट जिन्यावर सोबत नेले; त्यानंतर बांधकामाच्या जागी मूल न्यायचे नाही, हा नियम मी मोडलेला नाही. रिकामी घरे दिवसाउजेडी दाखवावीत, निघताना पत्ता घरी कळवावा आणि अनोळखी पार्टीला आधी मुख्य रस्त्यावर भेटावे.

विक्रीची दलाली साधारण एक ते दोन टक्के असते, पण ती बहुधा खरेदीखत झाल्यावरच हाती येते आणि बँकेचे कर्ज रेंगाळले की महिने जातात. पितृपक्षात विसार देणारे क्वचितच भेटतात; दसरा, पाडवा आणि अक्षय्य तृतीयेला मात्र एकाच दिवशी चार फोन येतात. त्यामुळे पहिले सहा महिने या कमाईवर घरखर्च किंवा मुलाची फी अवलंबून ठेवू नये. पुढच्या आठवड्यात एक वही घ्यावी, आपल्या गल्लीपासून चालत निघावे आणि प्रत्येक इमारतीसाठी एक पान लिहायला घ्यावे. मुलाला बाबागाडीत घालूनही हे काम होते.