बिलाच्या कागदातला बीपीए मोजण्यासाठी टायरोसिनेज सेन्सर

किराणा दुकानातलं बिल, एटीएमची चिठ्ठी, पार्किंगची पावती घ्या आणि त्यावर नख ओढा. काळी रेघ उमटली तर तो थर्मल कागद. असे अनेक कागद अक्षरं उमटवण्यासाठी बिसफेनॉल ए, म्हणजे बीपीए, वापरतात. तो कागदाला रासायनिक बंधाने जोडलेला नसतो, त्यामुळे बोटांना सहज लागतो. गल्ल्यावर दिवसभर बिलं फाडून देणाऱ्यांच्या हाताला तो सगळ्यात जास्त लागतो. युरोपीय संघाने जानेवारी २०२० पासून थर्मल कागदात वजनाच्या ०.०२ टक्के किंवा त्याहून जास्त बीपीए असायला बंदी घातली आहे. बीपीए मुद्दाम घातलेल्या कागदात तो साधारण एक टक्क्याच्या आसपास असतो. फरक पन्नासपट आहे, म्हणून कॉलेजच्या प्रयोगशाळेतला साधा सेन्सरही हे दोन कागद वेगळे ओळखू शकतो.

बीपीएचं थेट ऑक्सिडेशन करायला कार्बन इलेक्ट्रोडवर +०.५ ते +०.६ व्होल्ट लागतात. त्यात पृष्ठभागावर पॉलिमरचा चिवट थर बसतो आणि दुसऱ्याच मोजणीला करंट कोसळतो. मशरूममधलं टायरोसिनेज हे एन्झाइम (क्रिया घडवणारं प्रथिन) हे काम विरघळलेल्या ऑक्सिजनच्या मदतीने करतं आणि बीपीएपासून क्विनोन बनवतं. क्विनोन −०.१५ व्होल्टला इलेक्ट्रोडवर क्षपित होऊन (म्हणजे इलेक्ट्रॉन घेऊन) कॅटेचॉल बनतं, तेच पुन्हा एन्झाइमकडे जातं आणि हे चक्र फिरत राहिल्याने करंट वाढतो. या व्होल्टेजला एस्कॉर्बिक आम्लासारखे पदार्थ स्वतःहून करंट देत नाहीत, मात्र क्विनोनला परस्पर क्षपित करून ते खरा करंट कमी करू शकतात. −०.२ च्या खाली गेलात तर ऑक्सिजनचाच करंट मिसळायला लागतो.

लागणारं सामान: ४ मिलिमीटर वर्किंग इलेक्ट्रोडच्या (ज्यावर मोजणी होते तो) कार्बनच्या छापील पट्ट्या, ठरलेलं व्होल्टेज लावून नॅनोअँपिअरपर्यंत करंट मोजणारा पोटेन्शिओस्टॅट, चुंबकीय ढवळणी, काचेची भांडी. मुंबईत रसायनं आणि काचसामान प्रिन्सेस स्ट्रीटला मिळतं, शील्ड केलेली केबल आणि कनेक्टर लॅमिंग्टन रोडला. प्लास्टिकची भांडी टाळा. पॉलिकार्बोनेट तर नकोच, ते बीपीएपासूनच बनतं.

बफर ०.१ मोलर फॉस्फेटचा, पीएच ६.५. डायसोडियम आणि मोनोसोडियम फॉस्फेटची ०.१ मोलर द्रावणं साधारण ३१.५ : ६८.५ मिसळा, शेवटचा पीएच मीटरवर जुळवा. लिटरला ७.४५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड घाला. त्याशिवाय पट्टीवरचा चांदीचा रेफरन्स इलेक्ट्रोड, ज्याच्या तुलनेत व्होल्टेज मोजतात, स्थिर राहत नाही.

एन्झाइमचा थर हा सगळ्यात नाजूक टप्पा. −२० अंशांतली बाटली काढल्यावर बंदच ठेवा, खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा. मुंबईच्या पावसाळ्यात थंड बाटली उघडली की भुकटीवर लगेच दव बसतं आणि दोन-तीन वेळा असं झालं की एन्झाइमची ताकद घटते. १०० मायक्रोलिटर बफरमध्ये २ मिलिग्रॅम टायरोसिनेज आणि ५ मिलिग्रॅम बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन विरघळवा. हलक्या हाताने, कारण फेस आला की प्रथिन बिघडतं. मग प्रथिनांना एकमेकांत जोडणारं २.५ टक्के ग्लुटाराल्डिहाइड १० मायक्रोलिटर घालून लगेच ५ मायक्रोलिटरचा थेंब वर्किंग इलेक्ट्रोडवर सोडा. रेंगाळलात तर मिश्रण पिपेटच्या टोकातच गोठतं. ग्लुटाराल्डिहाइड जास्त झालं तर थर टणक होतो आणि एन्झाइम मरतं. कमी झालं तर थर धुऊन जातो. हे काम हातमोजे घालून धूरकोषातच (फ्यूम हूडमध्येच) करा. ४ अंशांवर तासभर ठेवा. दमट दिवसांत डब्यात सिलिका जेल घाला आणि दोन तास द्या. मग ०.१ मोलर ग्लायसिनमध्ये दहा मिनिटं बुडवून उरलेलं अल्डिहाइड निकामी करा आणि बफरने धुवा.

तयार पट्टी आधी १० मायक्रोमोलर कॅटेचॉलवर तपासा. करंट झटकन चढून स्थिर झाला पाहिजे. कॅटेचॉलला प्रतिसाद आहे पण बीपीएला जवळपास नाही, असं दिसलं तर एन्झाइमची मोनोफेनॉलवरची (बीपीएसारख्या फेनॉलवरची पहिली) क्रिया मंदावली आहे. नवी बॅच बनवा.

नमुना कात्रीने कापा, चिमट्याने धरा. पावत्या एकत्र ठेवलेल्या असतील तर एकीचा बीपीए दुसरीला लागलेला असतो, त्यामुळे प्रत्येक नमुना गोळा करतानाच वेगळ्या काचेच्या बाटलीत ठेवा. ५० मिलिग्रॅम कागद ५ मिलिलिटर मिथेनॉलमध्ये अर्धा तास हलवा आणि पीटीएफई (टेफ्लॉन) फिल्टरने गाळा. नायलॉनचा फिल्टर नको, तो बीपीए धरून ठेवतो.

काचपात्रात २ मिलिलिटर बफर घ्या, −०.१५ व्होल्ट लावा, ढवळणी सुरू करून सुरुवातीच्या करंटची रेषा सपाट होऊ द्या. दहा मिनिटंही लागतात. नायट्रोजन सोडू नका. इतर विद्युतरासायनिक प्रयोगांत ती सवय चांगली, इथे ऑक्सिजन हेच एन्झाइमचं इंधन आहे. अर्क २० मायक्रोलिटर घाला. सुरुवातीला करंट रेंगाळतो, ते या एन्झाइमचं वळणच आहे. सपाट रेषा येईपर्यंत थांबा. मग १ मिलिमोलर बीपीए (१० मिलिलिटर मिथेनॉलमध्ये २२.८ मिलिग्रॅम विरघळवून दहापट पातळ केलेला) ४-४ मायक्रोलिटर तीनदा घाला. प्रत्येक थेंबाने पात्रात २ मायक्रोमोलर वाढतात. एकूण मिथेनॉल २ टक्क्यांच्या आत राहिलं पाहिजे.

समजा अर्काने ३० नॅनोअँपिअर दिले आणि प्रत्येक थेंबाने १५ वाढले. म्हणजे मायक्रोमोलरला ७.५, आणि पात्रात ४ मायक्रोमोलर. २ मिलिलिटरमध्ये ८ नॅनोमोल, म्हणजे १.८३ मायक्रोग्रॅम. हे २० मायक्रोलिटरमधलं, तर पूर्ण अर्कात ४५७ मायक्रोग्रॅम. कागदात सुमारे ०.९१ टक्के. प्रमाणित वक्रापेक्षा (माहीत असलेल्या द्रावणांवरून आधीच काढलेल्या आलेखापेक्षा) ही थेंब वाढवण्याची पद्धत बरी, कारण अर्कातला एखादा घटक एन्झाइमला दाबत असेल तर तो थेंबांनाही तसाच दाबतो. शिवाय मे महिन्यातली खोली आणि एसीतली खोली यांत करंट बराच बदलतो, त्याचाही हिशेब आपोआप होतो. ०.०२ टक्क्यांच्या आसपासचं पाहायचं असेल तर ५ मिलिलिटर अर्क ०.५ पर्यंत आटवा. तेव्हा पात्रात जेमतेम ०.९ मायक्रोमोलर येतो.

दोन पडताळण्या चुकवू नका. साध्या ए-फोर कागदाचा अर्क कोरा नमुना म्हणून चालवा. आणि करंट चढलेला असताना पात्रात १०० मिलिमोलर कोजिक आम्ल २० मायक्रोलिटर घाला: ते टायरोसिनेजला रोखतं, त्यामुळे करंट घसरला तर तो एन्झाइमचाच होता. घसरला नाही तर दुसरंच काहीतरी मोजलं जातंय.

रेषा थरथरत असेल तर बहुधा विजेच्या पुरवठ्याचा ५० हर्ट्झचा गोंगाट आहे. पात्र पत्र्याच्या डब्यात ठेवून डबा अर्थ करा.

करंट शून्य आला म्हणून कागद बिनधोक म्हणता येत नाही. बीपीएऐवजी अनेक ठिकाणी बिसफेनॉल एस वापरतात आणि त्यातल्या सल्फोन गटामुळे टायरोसिनेज त्याला जवळपास हात लावत नाही. अहवालात ‘बीपीए आढळला नाही’ एवढंच लिहा आणि तोच मिथेनॉल अर्क एचपीएलसीसाठी (घटक वेगळे करून मोजणाऱ्या तपासणीसाठी) राखून ठेवा.